अल्जिनेट आणि इसबगोलच्या मण्यांत प्रोबायोटिक जिवाणू कसे बसवायचे

समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटचं द्रावण सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडलं की काही सेकंदांत गोल मणी तयार होतात. एवढं कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी जमतं, आणि पुष्कळसे प्रोजेक्ट त्या गोल मण्यांच्या फोटोवरच पास होतात. खरं काम त्यानंतरचं आहे. मण्यात घातलेले प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी, जिवाणू किती जगले, जठरातल्या आम्लातून किती वाचले आणि आपण मांडलेला आकडा खरा आहे का, हे पाहावं लागतं. म्हणून इथे मणी पाडण्यापेक्षा पेशी तयार करणं आणि मोजणी यांवर जास्त भर दिला आहे.

जिवाणू कोणता

उदाहरणासाठी लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम घेतला आहे. २०२० पर्यंत याचंच नाव लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम होतं, त्यामुळे जुन्या याद्यांत तो त्या नावाने सापडेल. ओळख पटलेला वाण पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम जिवाणू-संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या तशाच संग्रहातून मागवता येतो. मेडिकलमधली कॅप्सूल फोडून काम सुरू करू नका. अशा कॅप्सूलमध्ये अनेकदा चार-पाच जाती एकत्र असतात, काहींत यीस्टही असतं, आणि मग प्लेटवर वाढलेली वसाहत (पेशींचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) नेमकी कोणाची हे सांगता येत नाही.

बॅसिलस कोॲग्युलन्ससारखा बीजाणू करणारा जिवाणू वापरायचा असेल, तर मण्यांचा खटाटोप बहुतेक वेळा वाया जातो. बीजाणू, म्हणजे जिवाणूचं कवचबंद सुप्त रूप, आम्ल आणि उष्णता दोन्ही स्वतःच्या बळावर सोसतो.

आवरणाचं साहित्य

अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात. त्याच्या साखळीत गुलुरॉनिक आणि मॅन्युरॉनिक अशी दोन आम्लं असतात. गुलुरॉनिकच्या सलग पट्ट्या समोरासमोर येतात आणि मधल्या खाचांत कॅल्शियमचे आयन अंड्यांच्या ट्रेमधल्या अंड्यांसारखे बसतात. गुलुरॉनिकचं प्रमाण जास्त असलेलं अल्जिनेट कडक आणि टिकाऊ मणी देतं, मॅन्युरॉनिक जास्त असेल तर मणी मऊ होतो. विक्रेत्याकडून हे प्रमाण मागून घ्या. नुसतं ‘फूड ग्रेड’ एवढ्यावर पोतं उचललं, तर दुसऱ्या खेपेचे मणी पहिल्यासारखे होत नाहीत.

नुसत्या अल्जिनेटचा मणी सच्छिद्र असतो. त्याची छिद्रं पेशींना अडवतात, पण आम्लाचा हायड्रोजन आयन मिनिटांत आत पोचतो. म्हणून जोडीला मोकळ्या जागा भरणारं काहीतरी लागतं. इसबगोल त्यासाठी सोयीचा: स्वस्त, चव नसलेला आणि वेगळं काढावं लागत नाही असं चिकटद्रव्य. पाण्यात फुगून तो अल्जिनेटच्या जाळीतल्या मोकळ्या जागा व्यापतो आणि मणी वाळताना पडणाऱ्या भेगा कमी करतो. गुजरातमधली उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे, त्यामुळे माल मिळण्याची अडचण नाही.

जवसही चालतो. बियांच्या २० पट पाणी घेऊन ८०° सेल्सिअसला अर्धा तास ढवळायचं आणि गरम असतानाच मलमलीतून गाळायचं. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर फडकं तुंबतं. सब्ज्याचा गर बीपासून सोडवणं त्रासाचं असतं. मेथीचं चिकटद्रव्य चांगलं, पण वास शेवटपर्यंत जात नाही.

कायटोसान, जिलेटिन आणि शेलॅक ही आवरणं लोकप्रिय असली तरी पहिलं सहसा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून, दुसरं जनावरांच्या हाडा-कातड्यांतून आणि तिसरं लाखेच्या किड्यापासून येतं. वनस्पतीजन्य म्हणून विकायचं असेल तर ही तिन्ही बाद. दुसरा थर हवाच असेल, तर तयार मणी ०.२ टक्के अल्जिनेटच्या द्रावणात १० मिनिटं बुडवून पुन्हा कॅल्शियममध्ये टाका.

१०० मिली मिश्रणासाठी

- सोडियम अल्जिनेट, मध्यम चिकटपणाचं: २ ग्रॅम
- इसबगोलचा भुसा, बारीक दळून ८० मेशच्या चाळणीतून चाळलेला: ०.५ ग्रॅम
- डिस्टिल्ड पाणी: ९० मिली, वर १० मिली पेशींचं मिश्रण
- कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट: ७.३५ ग्रॅम, ५०० मिली पाण्यात (०.१ मोलर). निर्जल पावडर असेल तर ५.५५ ग्रॅम
- एमआरएस ब्रॉथ (लॅक्टिक जिवाणू वाढवायचं पातळ माध्यम) २०० मिली आणि प्लेटसाठी एमआरएस अगर (त्याच माध्यमाचं घट्ट रूप)
- ०.१ टक्का पेप्टोन वॉटर
- १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट, पीएच ७ ला आणलेलं
- २० मिलीच्या निर्जंतुक सिरिंज, २१ गेजच्या सुया

कॅल्शियम क्लोराइडची बाटली कुठली आहे ते लेबलवर नीट वाचा. डायहायड्रेटचं वजन निर्जल पावडरीला लावलं की द्रावण तिपटीचौपटीने नव्हे, पण तिसऱ्या हिश्श्याने जास्त तीव्र होतं.

पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं जड पाणी घेतलं तर त्यातलं कॅल्शियम अल्जिनेटला भांड्यातच गाठी आणतं, आणि ‘पावडर खराब निघाली’ म्हणून विक्रेत्याशी वाद सुरू होतो.

पेशी तयार करणं

२०० मिली एमआरएस ब्रॉथमध्ये ताज्या कल्चरचं १ टक्का, म्हणजे २ मिली बीज घाला. ३७° सेल्सिअसला १६ ते १८ तास, न हलवता ठेवा. या वेळेला वाढ थांबण्याच्या बेतात असते आणि पेशी ताण सोसायला तयार झालेल्या असतात. सहा-आठ तासांच्या, जोमात वाढणाऱ्या पेशी आम्लात लवकर मरतात. घाईने लवकर काढलेलं कल्चर हे ‘मण्यांनी संरक्षण दिलं नाही’ या तक्रारीमागचं नेहमीचं कारण आहे.

आता ४००० g वर १० मिनिटं, ४° सेल्सिअसला सेंट्रिफ्यूज करा. g म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर ४००० g साठी साधारण ६००० आरपीएम लागतात. तळाशी बसलेल्या पेशी पेप्टोन वॉटरमध्ये दोनदा धुवा. या धुण्यात कसूर नको. एमआरएसमध्ये फॉस्फेट आणि सायट्रेट दोन्ही असतात आणि दोन्ही कॅल्शियम ओढून घेतात. ब्रॉथचा अंश राहिला की मणी मऊ पडतात. याच कारणासाठी फॉस्फेट बफरमध्येही धुवू नका.

शेवटी पेशी १० मिली पेप्टोन वॉटरमध्ये कालवा आणि त्यातलं थोडं लगेच पातळ करून प्लेटवर पसरा. ही सुरुवातीची मोजणी राहिली तर पुढच्या एकाही आकड्याला अर्थ उरत नाही. २०० मिली ब्रॉथमध्ये दर मिलीला २०० कोटी पेशी असतील, तर धुताना फार गळती झाली नाही असं धरून तुमच्या हातात एकूण सुमारे ४० हजार कोटी पेशी असतात.

मिश्रण

अल्जिनेट आणि इसबगोल कोरडेच एकत्र कालवा. पाणी ६०° सेल्सिअसपर्यंत गरम करून स्टररवर जोरात फिरवत ठेवा आणि पावडर चिमटीने भोवऱ्याच्या कडेला भुरभुरवा. एकदम ओतली तर वरून ओली आणि आतून कोरडी अशी गाठ होते आणि ती तासाभरातही फुटत नाही.

पुढे निर्जंतुकीकरण. इसबगोल शेतातून येतो, त्यात मातीतल्या बॅसिलसचे बीजाणू असतातच, आणि ८०° सेल्सिअसला तापवून ते मरत नाहीत. १२१° सेल्सिअसला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करावंच लागतं. त्यात अल्जिनेटच्या साखळ्या तुटून द्रावण पातळ होतं. ऑटोक्लेव्हनंतर थेंब चपटे पडू लागले तर पुढच्या वेळी २ ऐवजी २.५ ग्रॅम घ्या. द्रावण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातात. बुडबुडा अडकलेला मणी तरंगतो आणि एका बाजूने कच्चा राहतो.

सकाळी द्रावण खोलीच्या तापमानाला आणून लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) पेशींचं मिश्रण घाला आणि निर्जंतुक काचेच्या कांडीने हळू ढवळा. इथे स्टरर जोरात फिरवला तर पुन्हा हवा शिरते.

थेंब सोडणं

सुई कॅल्शियमच्या द्रावणापासून १० ते १५ सेंमी वर धरा. खाली स्टरर मंद, मणी एकमेकांना चिकटणार नाहीत इतपतच फिरवा. २१ गेजच्या सुईतून पडणारा थेंब साधारण १३ मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे १०० मिलीचे सात-आठ हजार थेंब होतात, आणि सेकंदाला दोन थेंबांनी तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. अंगठ्याने एवढा वेळ एकसारखा दाब ठेवणं जमत नाही. सिरिंज पंप असेल तर मिनिटाला १.५ मिली ठेवा, नसेल तर दोघांनी आळीपाळीने काम करा. लहान मण्यांच्या मोहाने २६ गेजची सुई लावू नका, फुगलेला इसबगोल तिच्यात अडकतो. मग दाब वाढवला की थेंबाऐवजी धार सुटते आणि तळाशी शेवया जमतात.

मण्याला शेपूट आली तर द्रावण फार घट्ट आहे किंवा सुई फार खाली आहे. मणी चपटा झाला तर द्रावण पातळ आहे किंवा थेंब फार उंचावरून आपटतो आहे. शेपूट दिसायला वाईट, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथलं आवरण पातळ असतं.

शेवटचा थेंब पडल्यावर ३० मिनिटं घट्ट होऊ द्या. एक मणी बोटांच्या चिमटीत दाबून पाहा. नीट झालेला मणी दबून पुन्हा उसळतो, कच्चा असेल तर फुटून आतून पातळ द्रव येतो. पेशी असलेला मणी दुधी, अपारदर्शक दिसतो. पेशी नसलेला मणी धुरकट काचेसारखा असतो आणि त्यात इसबगोलचे तपकिरी ठिपके दिसतात. ऑटोक्लेव्ह केलेल्या स्टीलच्या चहाच्या गाळणीने मणी गाळा, निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुवा आणि वजन करा. मणी घट्ट होताना पाणी सोडतात, त्यामुळे १०० मिलीचे १०० ग्रॅम मणी होत नाहीत.

उरलेलं कॅल्शियमचं द्रावण फेकू नका. त्यातलीही एक मोजणी करा. मण्यांतून निसटलेल्या पेशी तिथेच असतात.

मोजणी, जिथे बहुतेकांची फसगत होते

१ ग्रॅम मणी ९ मिली सायट्रेटमध्ये टाकून १५ ते ३० मिनिटं हलवा. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं आणि अल्जिनेट विरघळतं. इसबगोल मात्र विरघळत नाही. त्याचे बुळबुळीत धागे राहतात आणि त्यांत पेशी अडकलेल्या असतात. म्हणून वोर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) दोन-तीन मिनिटं किंवा स्टमॅकरमध्ये (पिशवीतला नमुना मळणाऱ्या यंत्रात) घालून धागे मोकळे करा, नाहीतर आकडा कमी येतो आणि दोष मण्यांना लागतो.

त्यानंतर नेहमीप्रमाणे दहा-दहा पटीने पातळ करत एमआरएस अगरवर ०.१ मिली पसरा आणि ३७° सेल्सिअसला ४८ तास, शक्यतो ॲनेरोबिक (ऑक्सिजन काढलेल्या) जारमध्ये ठेवा. ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेट मोजा. समजा, एक कोटी पट पातळ केलेल्या नळीतल्या ०.१ मिलीत ८६ वसाहती आल्या, तर ८६ × १० × १ कोटी, म्हणजे ग्रॅमला ८६० कोटी सीएफयू (वसाहत करू शकणाऱ्या जिवंत पेशी). सायट्रेटमधली पहिली दहापट त्या एक कोटीत धरलेली असली पाहिजे, ती दोनदा मोजू नका.

रिकाम्या, म्हणजे पेशी न घालता पाडलेल्या, मण्यांची प्लेटही त्याच वेळी लावा. त्यावर काही उगवलं तर ते इसबगोलबरोबर आलेलं आहे आणि तुमच्या आकड्यात भर घालतं आहे.

आता क्षमतेचा आकडा, म्हणजे घातलेल्या पेशींपैकी किती मण्यांत जिवंत सापडल्या. पुष्कळ ठिकाणी तो लॉगच्या (दहाच्या घातांकाच्या) भागाकाराने काढतात. वरच्या ४० हजार कोटी पेशींपैकी समजा ८० ग्रॅम मण्यांत, ग्रॅमला ३०० कोटींप्रमाणे, २४ हजार कोटी मिळाल्या. सरळ हिशेबाने ६० टक्के. पण लॉगने ११.३८ भागिले ११.६० केलं की ९८ टक्के येतात! बॅच तीच, मणी तेच. लॉगच्या पद्धतीत ९० टक्के पेशी मेल्या तरी आकडा नव्वदीच्या आसपासच राहतो. मार्गदर्शक किंवा जर्नल लॉगचा आकडा मागत असेल तर तो द्या, पण शेजारी सरळ टक्केवारी लिहा. दोन बॅचची तुलना करताना तीच उपयोगी पडते.

आम्लाची परीक्षा

जठररसासाठी पीएच ३ आणि मिलीला २००० युनिट पेप्सिन (जठरातलं पाचक विकर), ३७° सेल्सिअसला २ तास. त्यानंतर आतड्यासाठी पीएच ७, १० मिलीमोलर पित्तक्षार आणि पॅनक्रिॲटिन (स्वादुपिंडाची पाचक विकरं), आणखी २ तास. इन्फोजेस्ट या आंतरराष्ट्रीय पद्धतीतले हे आकडे आहेत. पीएच २ वरही बॅच चालवा, कारण उपाशीपोटी जठर तेवढं आम्लधर्मी असू शकतं. प्रत्येक वेळी मोकळ्या, म्हणजे मण्यांत न घातलेल्या, पेशींची नळी शेजारी असलीच पाहिजे.

आतड्याच्या द्रावणात फॉस्फेट बफर वापरला तर मणी तिथे फुगून फुटतात. सुटका तपासायची असेल तर ते हवंच असतं. पण अशा वेळी मण्यांबरोबर बाहेरच्या द्रवाचीही मोजणी करा, नाहीतर सुटून बाहेर आलेल्या पेशी मेलेल्यांत धरल्या जातील.

अल्जिनेट साधारण पीएच ३.५ च्या खाली अल्जिनिक आम्लात बदलतं, मणी आक्रसतो आणि छिद्रं लहान होतात. त्याने पेप्सिन आणि पित्तक्षारांची वाट अडखळते, आम्लाची नाही. म्हणून पीएच २ वर निकाल वाईट आला तर अल्जिनेट वाढवत बसू नका. आम्ल शोषणारं काहीतरी आत घाला. १ ते २ टक्के वाटाणा किंवा हरभरा प्रथिन हे काम बरं करतं. ते पीएच ७ ते ८ च्या पाण्यात आधी विरघळवा. पीएच ४.५ च्या आसपास ते साकळतं, त्यामुळे पेशी न धुता आंबट ब्रॉथसकट घातल्या तर मिश्रण फाटतं. बारीक कॅल्शियम कार्बोनेटही चालतं. आम्ल आलं की ते विरघळून आम्ल मारतं आणि सुटलेलं कॅल्शियम जाळीला मिळतं.

मण्यांचा आकारही पाहा. १०० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण जठरात फारसं वाचवत नाहीत, आणि १ मिलिमीटरपेक्षा मोठे दाताखाली कचकचतात. सुईने पाडलेले आपले मणी २ ते ३ मिलिमीटरचे, म्हणजे चघळून खायच्या पदार्थात लपणारे नव्हेत. लहान हवे असतील तर हेच मिश्रण सूर्यफुलाच्या तेलात सोया लेसिथिन घालून फेटतात आणि मग भांड्याच्या कडेने कॅल्शियमचं द्रावण सोडतात. आकार कमी होतो, पण कणांना चिकटलेलं तेल धुऊन काढणं जिकिरीचं असतं.

साठवण आणि वापर

ओले मणी ४° सेल्सिअसला ०.०५ मोलर निर्जंतुक कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवा. सलाइनमध्ये ठेवले तर सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतो आणि मणी फुगतात. वाळवायचे असतील तर १० टक्के ट्रेहॅलोज साखरेच्या द्रावणात अर्धा तास भिजवा, −८०° सेल्सिअसला रात्रभर गोठवा आणि २४ ते ३६ तास फ्रीझ ड्राय करा. जलक्रिया (पदार्थातल्या मोकळ्या पाण्याचं माप, ० ते १) ०.२५ च्या खाली गेली पाहिजे. या टप्प्यावर एक लॉगपर्यंत, म्हणजे दहापट, घट होऊ शकते, ती गृहीत धरून सुरुवातीला जास्त पेशी घ्या. ट्रेमध्ये उष्ण हवेने वाळवणं स्वस्त पडतं, पण पेशी जास्त मरतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वाळलेले मणी उघड्यावर काही मिनिटांत ओलसर होतात. तेव्हा एसी खोलीत, सिलिका जेलसकट ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात लगेच बंद करा.

ताक आणि दही यांत हे मणी बरे टिकतात, मात्र आतले जिवाणू आम्ल तयार करत राहतात आणि ताक दिवसागणिक आंबट होतं. लिंबू सरबतात मणी आठवडे राहतील अशी अपेक्षा ठेवू नका, सतत आम्लात राहणं हे दोन तासांच्या जठरापेक्षा कठीण आहे. चहा, उकळतं सूप किंवा तव्यावर भाजायचा पदार्थ यांत अल्जिनेट काहीच वाचवत नाही.

खाण्यासाठी करायचे असतील तर रसायनं फूड ग्रेडच हवीत: अल्जिनेट आयएनएस (खाद्य-मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ४०१, कॅल्शियम क्लोराइड आयएनएस ५०९. क्लोराइडची कडवट चव नको असेल तर आयएनएस ३२७, म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट, लिटरला ३०.८ ग्रॅम पेंटाहायड्रेट घ्या. प्रयोगशाळेत केलेली बॅच कोणालाही चाखायला देऊ नका. विक्रीसाठी परवाना असलेलं युनिट लागतं, आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणूंची अट होती.

आणि लेबलवर ‘व्हीगन’ लिहिण्याआधी एमआरएसच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. त्यात बीफ एक्स्ट्रॅक्ट आहे, पेप्टोनही बहुधा प्राणिज. आवरण शंभर टक्के वनस्पतीजन्य असलं तरी पेशी मांसाच्या अर्कावर वाढलेल्या असतात. त्याऐवजी सोया पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं माध्यम बनवता येतं. वाढ थोडी कमी मिळाली तर २०० ऐवजी ३०० मिली घ्या, आणि वाढीचा आलेख त्या माध्यमात नव्याने काढा, कारण १६ तासांची वेळ तिथे तशीच लागू होईल असं नाही.